गोवर : लसीकरणाची साखळी तुटते कुठे?

पसरतो कसा : खोकल्या-शिंकेतून, हवेतून. रुग्ण उठून गेला तरी विषाणू खोलीत २ तासांपर्यंत टिकतो. कुडाच्या एकखणी घरात सगळेच त्या हवेत.

धोक्याचे दिवस : पुरळ येण्याआधीचे ४ आणि नंतरचे ४. म्हणजे अंगावर काही दिसण्याआधीच शेजारच्या पोराला लागण झालेली असू शकते.

कांजिण्या वेगळ्या : त्यांत पाण्याचे फोड, गोवरात लालसर पुरळ.

लस : गोवर-रुबेला, मोफत. पहिला डोस ९ ते १२ महिने, दुसरा १६ ते २४ महिने. साथ रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही हवेत.

मोखाडा-जव्हार (पालघर जिल्हा) : दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, दुसरा डोस राहतो तो या स्थलांतरातच. भिवंडीत २०२२ अखेर गोवराची साथ होती.

निघताना बाळाचे लसीकरण कार्ड गाठोड्यात घ्या. भट्टीजवळच्या सरकारी केंद्रातही डोस मिळतो.