वायुसेना पदक

भारतीय हवाई दलातील व्यक्तींना असामान्य कर्तव्यनिष्ठेबद्दल किंवा धैर्याबद्दल देण्यात येणारे सन्मानपदक. राष्ट्रपतींनी ते १७ जून १९६० रोजी संस्थापिले. भूसेनेसाठी सेना पदक व नौसेनेसाठी नौसेना पदक ही त्याच्याच जोडीची होत. हवाई दलाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरेल असे व्यक्तिगत कृत्य, ही या सन्मानाची मूळ अट होय. हुद्द्याचे बंधन नसल्याने वैमानिकाप्रमाणेच जमिनीवरील तंत्रज्ञही त्यास पात्र असतो. पदक मरणोत्तरही दिले जाते. मानकऱ्यांची नावे सामान्यतः प्रजासत्ताक दिनी व स्वातंत्र्यदिनी जाहीर होतात. मानकरी आपल्या नावापुढे ‘व्ही. एम.’ ही अक्षरे लावतो. तोच सन्मान पुन्हा लाभल्यास दुसरे पदक न देता फितीवर धातूची पट्टी लावण्यात येते.

पदक चांदीचे असून त्याचा आकार चार भुजांच्या ताऱ्यासारखा आहे. मध्यभागी राजचिन्ह व भुजांच्या टोकांवर कमळे असून मागील बाजूस हिमालयीन गरुड कोरलेला आहे. फीत ३० मिमी. रुंदीची असून तीवर करड्या व नारिंगी रंगांच्या २ मिमी.च्या तिरप्या पट्ट्या एकाआड एक येतात. सेना व नौसेना पदकांच्या फितींवर अशा तिरप्या पट्ट्या नाहीत. ब्रिटिश हवाई दलाच्या पदकांच्या फितींवर मात्र त्या १९१९ पासून आहेत, आणि तेथूनच ही कल्पना आली असावी, असे दिसते.

ब्रिटिश हवाई दल १ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झाले व ३ जून १९१८ रोजी त्याच्यासाठी चार सन्मान निर्माण करण्यात आले. त्यांची वाटणी दुहेरी होती. शत्रूविरुद्धच्या प्रत्यक्ष मोहिमेतील उड्डाणांसाठी अधिकाऱ्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस व इतरांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल. शत्रूशी गाठ न पडलेल्या उड्डाणांतील धैर्यासाठी अधिकाऱ्यांना एअर फोर्स क्रॉस व इतरांना एअर फोर्स मेडल. यांपैकी पहिला सन्मान मिळविणारा पहिला भारतीय इंद्रलाल राय हा होय. जुलै १९१८ मध्ये सुमारे दोन आठवड्यांत दहा विमानांवर विजय मिळविल्यावर २२ जुलै रोजी फ्रान्सच्या आकाशात तो मारला गेला. त्यावेळी तो एकोणीस वर्षांचा होता. सन्मान मरणोत्तर जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात करुण कृष्ण मजुमदार यांना हा क्रॉस दोनदा लाभला. इंफाळच्या लढाईत पहिल्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व करणाऱ्या अर्जन सिंग यांना तो १९४४ मध्ये माउंटबॅटन यांनी स्वहस्ते दिला.

स्वातंत्र्यानंतर हे सन्मान भारतीयांपुरते संपले. २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेली परमवीरचक्र, महावीरचक्र व वीरचक्र ही मालिका तिन्ही दलांना समाईक होती. निव्वळ हवाई दलाचे असे पदक दशकभर नव्हतेच. १९६० मध्ये ते आले तेव्हा ब्रिटिशांची दुहेरी वाटणी पूर्णपणे बाजूला सारण्यात आली. अधिकारी व इतर यांना एकच पदक मिळू लागले. हा भेद खुद्द ब्रिटनने १९९३ मध्ये मोडला, हे पाहता भारताचा निर्णय दूरदृष्टीचाच म्हणावा लागेल. दुसरा भेद पुसण्यातून मात्र अडचण उद्‌भवली. नावापुढील दोन अक्षरांवरून तो सन्मान प्राण पणाला लावल्याबद्दल आहे की अनेक वर्षांच्या चोख सेवेबद्दल, हे कळेनासे झाले. म्हणून पुढे पदकाचे शौर्य व कर्तव्यनिष्ठा असे दोन वर्ग करण्यात आले. पदकाचा आकार आणि फीत मात्र एकच राहिली. मासिक मानधन शौर्य वर्गासच मिळते.

तथापि हवाई दलात ही सीमारेषा आखणे भूसेनेइतके सोपे नाही. सियाचीन हिमनदीवरील ठाण्यांना हेलिकॉप्टरने रसद पोहोचविणाऱ्या वैमानिकाचे दैनंदिन कर्तव्य सुमारे ६,००० मी. उंचीवर चालते. तेथे हवा विरळ असल्यामुळे यंत्राची शक्ती घटते व वाहून न्यावयाचे वजन किलोगणिक मोजावे लागते. गोळीबार झाला नाही तरी चूक सुधारण्यास अवकाश नसतो. नव्या विमानाची चाचणी घेणारा किंवा इंजिन बंद पडलेले विमान सोडून न देता धावपट्टीवर उतरविणारा वैमानिकही शांतताकाळातच मृत्यूच्या जवळ जातो. अशांपैकी अनेकांना हे पदक मिळाले आहे.

युद्धसदृश प्रसंगीही ते दिले जाते. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटवर हल्ला करणाऱ्या मिराज २००० विमानांच्या पाच वैमानिकांना त्याच वर्षी वायुसेना पदक (शौर्य) जाहीर झाले. दुसऱ्या दिवशीच्या हवाई चकमकीबद्दल विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांना त्याहून वरच्या श्रेणीचे वीरचक्र मिळाले. ऑगस्ट २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील पुरातून ४७ जणांचे प्राण वाचविण्यात सहभागी झालेल्या हेलिकॉप्टर वैमानिक विंग कमांडर दीपिका मिश्रा या शौर्य पदक मिळविणाऱ्या हवाई दलातील पहिल्या महिला अधिकारी ठरल्या. एप्रिल २०२३ मध्ये त्यांना ते प्रदान करणारे तत्कालीन हवाई दलप्रमुख, मूळचे नांदेड जिल्ह्यातील विवेक राम चौधरी हेही वायुसेना पदकाचे मानकरी आहेत.