प्रिंटर समोर, पण संगणकाला दिसेना!

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात मोटार घाट चढू लागते, आणि बालाघाटच्या पठारावर ती डोके वर काढते न काढते तोच मांजरसुंबा येते. गाव लहान, पण चौक मोठा. एक वाट पाटोदा-जामखेडवरून अहिल्यानगरला जाते, दुसरी नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला व पुढे लातूरला, आणि तिसरी सरळ धाराशिव-सोलापूरला. येथे उतरून रबडी खाल्ल्यावाचून पुढे जाणारा प्रवासी विरळा. आश्विन-कार्तिकात सीताफळांच्या टोपल्या रस्त्याच्या कडेला लागतात, आणि कार्तिकी पौर्णिमेला जवळच्या कपिलधारेस मन्मथस्वामींच्या समाधीला जाणाऱ्या यात्रेकरूंनी चौक फुलून जातो.

मी मात्र या चौकात येतो तो रबडीसाठी नव्हे. (म्हणजे रबडी होतेच, पण ती नंतर.) माझा धंदा संगणक-दुरुस्तीचा. चौकातून फुटणाऱ्या या वाटांवर लहानमोठी कितीतरी कार्यालये, पतसंस्था, शाळा नि सेवाकेंद्रे आहेत, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी दहा-बारा वर्षांचे जुने संगणक अजून इमानेइतबारे राबत आहेत. तेथून येणाऱ्या दूरध्वनींपैकी निम्म्यांचा मजकूर एकच असतो : "साहेब, प्रिंटर गायब झाला!"

ज्यांना या प्रकाराचा अनुभव नाही त्यांना वाटेल, चोरीची तक्रार आहे. तसे नव्हे. प्रिंटर टेबलावर जागच्या जागी बसलेला असतो, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत असतो, पोटात कागद असतो. फक्त संगणकाच्या यादीतून त्याचे नाव पुसले गेलेले असते. किंवा नाव असते पण फिकट, नि खाली 'ऑफलाइन' अशी पाटी. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण रचणाऱ्याने संगणक पाहिला नव्हता हे नक्की, परंतु ती याहून चपखल कुठेही बसणार नाही.

यात एक गंमत आहे. संगणकांना एकमेकांशी जोडण्याची आज जगभर रूढ असलेली पद्धत जन्मली तीच मुळी प्रिंटरच्या पायी! आपल्याकडे गल्लोगल्ली 'झेरॉक्स' अशा पाट्या दिसतात. ते नाव ज्या अमेरिकन कंपनीचे, तिचे कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे एक संशोधन केंद्र होते. गॅरी स्टार्कवेदर या तंत्रज्ञाने १९७१ साली तेथे लेसर किरणांनी छापणारे यंत्र सिद्ध केले. यंत्र अप्रतिम, पण प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवणे अशक्य. तेव्हा अनेक संगणकांना मिळून एक प्रिंटर वापरता यावा, ही निकड उभी राहिली. रॉबर्ट मेटकाफ या तरुण सहकाऱ्याने २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले व त्यात 'इथरनेट' हा शब्द प्रथम योजला. आज तुमच्या कचेरीच्या भिंतीवरून जी निळी वा करडी तार धावते ती त्याच इथरनेटची वंशज. ज्याच्यासाठी रस्ता बांधला, पन्नास वर्षांनंतर नेमका तोच पाहुणा रस्त्यावर हरवतो, याला काय म्हणावे?

आता मागल्या कार्तिकातला एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे हरवणे कसे असते ते ध्यानात येईल.

कार्यालयाचे नाव सांगत नाही. चौकापासून फार दूर नाही एवढेच. दिवाळी उलटली होती आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची निघण्याची लगबग चालली होती. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात, मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात, तिला 'उचल' म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नि कर्नाटकातल्या कारखान्यांवर चार-पाच महिने ऊस तोडून ती फेडतात. मुले बरोबर गेली की शाळा सुटली. मागे ठेवायची तर वसतिगृह हवे, आणि वसतिगृहासाठी कागद हवेत.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लाईट गेली, बाराला आली, आणि कार्यालयातले दोन्ही जुने संगणक प्रिंटरला ओळखीनासे झाले. तिसरा, नवा संगणक साहेबांच्या खोलीत कुलपाआड. साहेब बीडला मीटिंगला गेलेले. पेनड्राइव्हवर घेऊन चौकातल्या दुकानातून छापावे, तर विषाणूच्या भीतीने या संगणकांची पेनड्राइव्हची भोके केव्हाच बंद करून टाकलेली. मी केजकडून परतत होतो. दोनच्या सुमारास पोहोचलो तो व्हरांड्यात पंधरा-वीस माणसे बसलेली. दारालगत एक बाई आठवीतल्या मुलीला घेऊन उभी होती. बाहेर ट्रॅक्टरमध्ये तिचा संसार भरलेला, आणि मुकादम दर पाच मिनिटांनी हाक मारीत होता.

"लेकरा, माझ्या पोरीचा कागुद आज निघंल का न्हाई?" तिने ऑपरेटर मुलाला विचारले.

"मावशी, जरा दम धरा. हे साहेब आलेत आता."

"म्या धरते रे दम. मुकादम धरंल का?"

कागद न निघता तर मुलगी ट्रॅक्टरमध्ये चढली असती. मुलगी काही बोलत नव्हती. दप्तर मात्र तिने पाठीवरून उतरवले नव्हते.

ऑपरेटर हुशार होता. त्याने प्रिंटर दोनदा बंद करून चालू केला होता, संगणक चारदा. प्रिंटरच्या क्रमांकाला संगणकावरून हाकही घालून पाहिली होती. या हाकेला आमच्या भाषेत 'पिंग' म्हणतात, "अहो, आहात का?" असे विचारायचे, आणि पलीकडचे यंत्र "आहे" म्हणते. उत्तर बरोबर येत होते. "साहेब, प्रिंटर जिवंत आहे, ओ देतो, पण छापत नाही!" तो काकुळतीला येऊन म्हणाला.

आधी मी प्रिंटरलाच विचारले. बहुतेक प्रिंटरांना, एखादे बटण काही सेकंद दाबून ठेवले किंवा त्यांच्या छोट्या पडद्यावरची सूची उघडली की, स्वतःची कुंडली छापता येते. त्यासाठी संगणक लागत नाही. कागद बाहेर आला. त्यावर प्रिंटरचा पत्ता होता १९२.१६८.१.८. संगणकांच्या दफ्तरी लिहिलेला होता १९२.१६८.१.५.

मग '५' या पत्त्यावरून ओ कोण देत होते? राउटरची वही उघडून पाहिली. तो होता शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने दिवाळीत नवीन घेतलेला मोबाईल!

घडले होते ते असे. राउटर हा धर्मशाळेच्या मुनिमासारखा असतो. येईल त्या यंत्राला मोकळी असेल ती खोली देतो. स्वस्तातल्या राउटरांची वही बऱ्याचदा लाईट गेली की कोरी होते. लाईट आल्यावर जो आधी दारात उभा राहील त्याला आधीची खोली. मोबाईलला बॅटरी असते, तो तत्काळ हजर झाला. लेसर प्रिंटर हा जुन्या वळणाचा गृहस्थ. उठतो, घसा खाकरतो, अंग तापवतो, मग बाहेर येतो. तोवर पाच क्रमांकाची खोली गेलेली. जुने संगणक मात्र इमानाने पाचच्याच दारावर कागद नेऊन टाकीत राहिले, आणि बिचारा मोबाईल "आहे, आहे" म्हणत राहिला.

दोन्ही संगणकांत प्रिंटरचे 'पोर्ट' नव्या पत्त्यावर वळवले. तुंबलेले सारे काम एकामागून एक बाहेर पडू लागले. त्या बाईचा कागद सहावा होता. शिक्का बसेतो तीन वाजले. तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी मुलीच्या दप्तरात घातली, आणि मुलीला थांबलेल्या मामाच्या फटफटीवर बसवून दिले. मग ती ट्रॅक्टरकडे गेली.

त्यानंतर मी राउटरमध्ये प्रिंटरच्या नावे एक खोली कायमची राखून ठेवली. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक जन्मखूण मिळते, तिला 'मॅक पत्ता' म्हणतात. ती खूण दाखवून राउटरला सांगायचे, "हा आला की याला हीच खोली." दहा मिनिटांचे काम, पण शंभरातून एखादेच कार्यालय ते करून ठेवते. संध्याकाळी साहेब आल्यावर त्यांचा नवा संगणक पाहिला, तो मुळातच बिघडला नव्हता. तो प्रिंटरला क्रमांकाने नव्हे, नावाने शोधीत होता. खोली बदलली तरी नावाची हाक पोहोचते.

अर्थात दर वेळी मोबाईलच चोर निघतो असे नाही. प्रिंटरच्या कुंडलीवरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला खोलीच मिळालेली नाही, तो ओसरीवर झोपला आहे, असे समजावे. मग संगणकाशी झटापट न करता तार पाहावी. उंदीर, झाडू आणि खुर्चीची चाके हे तारेचे तीन शत्रू. यादीतले सगळेच प्रिंटर एकदम नाहीसे झाले असतील, तर 'स्पूलर' नावाची व्यवस्था मूर्च्छित पडलेली असते. छापायची कामे रांगेत लावणारा हा कारकून. एखादे अर्धवट काम घशात अडकले की तो बसकण मारतो. त्याला थांबवावे, रांगेचे फोल्डर रिकामे करावे, पुन्हा उठवावे. राउटर नवा बसवला असेल, तर विंडोज त्याला परका मुलूख समजून 'पब्लिक' ठरवते व दारे लावून घेते. ते 'प्रायव्हेट' केले की दारे उघडतात.

जुन्या संगणकांचे खरे दुखणे याहून निराळे आहे, आणि ते भाषेचे आहे. पुष्कळ कार्यालयांत प्रिंटर स्वतः जाळ्यावर नसतो. तो एका संगणकाला तारेने जोडलेला असतो व बाकीचे त्या संगणकामार्फत छापतात. (तो संगणक झोपला की प्रिंटर सर्वांचाच जातो, हे ओघानेच आले.) या मध्यस्थीसाठी संगणक जी जुनी बोली बोलत, तिचे नाव एसएमबी-१. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने याच बोलीतल्या छिद्रातून दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला. ब्रिटनमधली रुग्णालयेसुद्धा ठप्प झाली. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या शरदातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही बोली नव्याने बसवणेच बंद केले. विंडोज एक्सपीला दुसरी बोली येतच नाही. परिणाम असा की नव्या संगणकाने शेजाऱ्याकडे पाहिले तर तेथे कोणीच नाही!

पुढे २०२१ च्या जून-जुलैत छपाईच्या याच व्यवस्थेत आणखी एक भयंकर छिद्र सापडले. त्याला 'प्रिंटनाइटमेअर' असे नाव पडले, आणि ते बुजवताना त्या सप्टेंबरात जी डागडुजी झाली तिच्यानंतर असंख्य ठिकाणी सामायिक प्रिंटर शेवटी '११बी' असलेला एक क्रमांक दाखवून अडून बसले. एका बाजूचा संगणक डागडुजी केलेला आणि दुसरा तसाच, म्हणजे नव्या कुलपाला जुनी किल्ली. त्या महिन्यांत माझ्या फटफटीचे पेट्रोल भरून भरून पंपावरचा मुलगा मला नावाने ओळखू लागला.

अशा वेळी कोणी सल्ला देतो, जुनी बोली पुन्हा चालू करा. कोणी म्हणतो, डागडुजी काढून टाका. काम त्या क्षणी होते, हे खरे. मी मात्र ते करीत नाही, आणि गिऱ्हाईक रागावले तरी करीत नाही. जेथे लोकांचे आधार क्रमांक, सातबारे नि बँकेची खाती टाईप होतात, तेथे चोरवाट उघडी ठेवण्याचा अधिकार मला कोणी दिला? प्रिंटरला जाळ्याची तार लागत असेल तर मधला संगणक काढून टाकून त्याला थेट राउटरला जोडावे, स्वतःचा पत्ता द्यावा, आणि प्रत्येक संगणकात तो पत्ता लिहावा. तेथे जुन्या-नव्या बोलींचा तंटा उरत नाही. विंडोज ७ सुद्धा अशा प्रिंटरवर सुखाने छापते.

सुखाने म्हणजे काही काळ. एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ ला थांबला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला. संगणक बदलण्याचा पैसा मंजूर होईपर्यंत जुन्यांना निदान इंटरनेटपासून दूर, नुसत्या छपाईपुरते ठेवावे, एवढे मी सुचवतो.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक कार्यालयात न चुकता करतो. काम झाले की प्रिंटरच्या कपाळावर त्याचा पत्ता जाड अक्षरांत लिहून कागद चिकटवतो. रात्री-अपरात्री कोणी फोन केला तरी पहिला प्रश्न सुटतो. एकच अडचण येते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, प्रिंटरलाही झेंडूची माळ चढते, आणि गंध-कुंकवाचा टिळा नेमका त्या शेवटच्या आकड्यावर लागतो. म्हणून अलीकडे मी पत्ता दोन ठिकाणी लिहितो : एक कपाळावर, एक पाठीवर.