विषाणू घशात, घोटाळा गोळीत

समजा, निघोजे गावातल्या एका घरात आजोबांना कंपवात आहे. गोळ्या चालू आहेत, सकाळी देवळापर्यंत चक्कर होते, चहाचा कप स्वतःच धरतात. मग नातू शाळेतून सर्दी घेऊन येतो. दोन दिवसांत आजोबांना ताप, आणि तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठणंच होईना. घरचे म्हणतात, 'दुखणं एकदम वाढलं.' पण मेंदूतल्या पेशी तीन दिवसांत एवढ्या मरत नाहीत. मग झालं काय?

कंपवातात मध्यमेंदूच्या काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन हे निरोप्या रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू जातात. नवल असं, की हात थरथरू लागेपर्यंत त्यातल्या जवळपास निम्म्या गेलेल्या असतात. उरलेल्या पेशी बिनबोभाट गाडा ओढतात, डोपामिन साठवूनही ठेवतात. म्हणून सुरुवातीला, डोपामिनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी तासभर उशिरा घेतली तरी खपून जातं. आजार जुना झाला की हे कोठार रिकामं. मग चाकणच्या कारखान्यांसारखी गत होते: सुट्या भागांचा साठा नाही, ट्रक वेळेवर आला तर लाइन चालू, तळेगाव चौकात अडकला की लाइन बंद.

आणि तापात ट्रक नेमका अडकतो! गोळी शोषली जाते लहान आतड्याच्या सुरुवातीला. कंपवातात जठर आधीच सुस्त, आजारपणात ते आणखी मंदावतं. गोळी पोटात पडून राहते. भरीला, विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि तिथल्या संरक्षक पेशी खवळतात. विषाणू नाकाघशाच्या पुढे गेलेलाही नसतो, तरी पाय जमिनीला खिळतात. 2020 मध्ये इटलीतल्या लोम्बार्डीत डॉक्टरांना हेच दिसलं: कोविड सौम्य, पण कंपवाताची लक्षणं वाढलेली.

खरा धोका मात्र छातीत. खोकला किती गुंतागुंतीचा असतो पाहा: खोल श्वास, स्वरयंत्र घट्ट बंद, पोटाच्या स्नायूंचा दाब, मग क्षणात स्फोट. कंपवातात यातली प्रत्येक हालचाल मंद आणि दुबळी. त्यातून गिळताना घोट श्वासनळीत उतरला तरी कित्येकांना ठसकाही लागत नाही! कफ आतच साचतो. या रुग्णांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत न्यूमोनिया आहे, तो यामुळेच.

म्हणून 'ताप आहे, गोळ्या राहू द्या' असं कधीही करू नये. लेव्होडोपा अचानक थांबवली तर अंग लाकडासारखं ताठतं, ताप भडकतो, जिवावर बेतू शकतं. रासाजिलिन हे कंपवाताचं औषध चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध घातक ठरू शकतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड तर थेट डोपामिनचीच वाट अडवतं. दुकानातून परस्पर काही आणण्याआधी डॉक्टरांना विचाराच. आणि फ्लूची लस दरवर्षी.

कंपवात आणि फ्लू यांची एक गाठ मात्र सुखाची आहे. 1968 मध्ये कंपवाताची एक रुग्ण फ्लू होऊ नये म्हणून अमँटाडीन घेत होती. तिनं बोस्टनचे डॉक्टर रॉबर्ट श्वाब यांना सांगितलं, 'या गोळ्यांनी माझी थरथर कमी झाली.' औषध थांबवलं, थरथर परत आली. श्वाबांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं, इतर रुग्णांना ते देऊन पाहिलं आणि 1969 मध्ये निष्कर्ष छापले. एका बाईनं स्वतःच्या हाताकडे नीट पाहिलं, आणि औषधाला दुसरा जन्म मिळाला! फ्लूचे विषाणू पुढे अमँटाडीनला दाद देईनासे झाले, म्हणून फ्लूवर ते मागे पडलं. कंपवाताच्या चिठ्ठीवर ते आजही असतं, लेव्होडोपानं होणाऱ्या नको त्या हालचाली आवरायला.