एका खोलीच्या बिऱ्हाडातील विद्युत्-पाकसाधनांची निवड

ज्या बिऱ्हाडात गॅसची जोडणी नाही, ओटा नाही, आणि स्वयंपाक, अध्ययन व निद्रा ही तिन्ही कार्ये एकाच खोलीत उरकावी लागतात, तेथे विद्युत्-साधनांवाचून गत्यंतर नसते. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस येऊन राहणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची स्थिती अशीच असते. साधनाची निवड मात्र बहुधा किंमत आणि वॅटचा आकडा पाहून केली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, प्रथम भिंतीतील सॉकेट, नंतर नित्याचे पदार्थ आणि सर्वांत शेवटी साधन, असा विचाराचा क्रम असावयास हवा.

भारतातील घरगुती विद्युत्-पुरवठा २३० व्होल्टचा असतो. भिंतीवरील लहान सॉकेट सामान्यतः ६ अँपिअरचे, तर ज्यास व्यवहारात पॉवर-पॉइंट म्हणतात ते मोठे सॉकेट १६ अँपिअरचे असते. म्हणजे पहिल्याची मर्यादा १३८० वॅट व दुसऱ्याची ३६८० वॅट झाली. २००० वॅटच्या शेगडीस ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. अडॅप्टरच्या साहाय्याने तिचा मोठा प्लग लहान सॉकेटास जोडता येतो; परंतु संपर्कस्थानी निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि म्हणून ती ६ अँपिअरच्या मानाने दुपटीहून अधिक होते.

येथे एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. भार अधिक झाला तर एम.सी.बी. पडेलच, असे समजले जाते. वस्तुतः एम.सी.बी.ची योजना मुख्यतः मंडलातील तारांच्या रक्षणासाठी असते. मंडलावर १० अँपिअरची एम.सी.बी. असेल, तर ८.७ अँपिअर प्रवाहाने ती पडणार नाही. सॉकेट मात्र आतल्या आत करपत राहील. प्लग हातास गरम लागणे, सॉकेटचा रंग काळवंडणे ही त्याची पूर्वचिन्हे होत. अंथरूण आणि पुस्तके चार हातांवर असलेल्या खोलीत त्यांची उपेक्षा करणे परवडणारे नाही.

आता पदार्थांकडे वळू. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास सुमारे ३१४ किलोज्यूल, म्हणजे ०.०९ युनिटहून किंचित कमी ऊर्जा लागते. तेवढ्याच पाण्याची वाफ करण्यास मात्र सुमारे २२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून अधिक ऊर्जा खर्ची पडते. उघड्या भांड्यात पाणी उकळू लागल्यावर त्याचे तापमान वाढत नाही. अधिक उष्णता दिली तर केवळ वाफ अधिक होते. उकळत्या डाळीच्या पाण्यात १७०० वॅट उष्णता दहा मिनिटे शिरत राहिली, तर सुमारे ४५० ग्रॅम पाणी उडून जाते, आणि डाळ त्यामुळे लवकर शिजत नाही. तात्पर्य, वॅटचा मोठा आकडा पाणी लवकर उकळण्यापुरता उपयोगी. काटकसर साधते ती झाकणाने, आच उतरविण्याने आणि दाबाने. प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, म्हणूनच डाळ व कडधान्ये त्यात लवकर शिजतात.

या दृष्टीने साधनांची तुलना करता येईल. विद्युत् भातकुकरात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास राहते. पाणी शोषले जाताच ते चढते आणि कळ आपोआप बंद होते. लहान भातकुकर ७०० वॅटच्या आतबाहेर चालतो. १००० वॅटच्या विद्युत् प्रेशर कुकरास ४.३५ अँपिअर पुरतात. ही दोन्ही साधने लहान सॉकेटाच्या मर्यादेत बसतात. मात्र ती एकाच वेळी लावू नयेत.

इंडक्शन शेगडीत वेटोळ्यातील उच्च वारंवारतेच्या प्रवाहामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होऊन ते तापते. यासाठी बूड सपाट असावे आणि त्यास लोहचुंबक चिकटावे. साध्या ॲल्युमिनियमचा कुकर, पितळेचे पातेले व खोलगट तवा येथे निरुपयोगी ठरतात. लोखंडी सपाट तव्यावर पोळी व भाकरी होते. परंतु वेटोळे तव्याहून लहान असल्याने कडा उशिरा तापतात, म्हणून आच मध्यम ठेवावी. फुलका आचेवर फुगविण्याची सोय मात्र येथे नाही.

तापलेली तार उघडी असलेली स्वस्त शेगडी वर्ज्य मानावी. त्या तारेत विद्युत्-दाब असतो, आणि धातूचे भांडे तिला टेकल्यास स्वयंपाक करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. तार आच्छादित असलेली हॉटप्लेट त्या मानाने निर्धोक; पण ती तापण्यास व निवण्यास वेळ घेते.

यावरून निष्कर्ष असा. खोलीत सुस्थितीतील पॉवर-पॉइंट असेल, तर इंडक्शन शेगडी, तिच्यावर चालणारा प्रेशर कुकर आणि सपाट लोखंडी तवा एवढ्यात नित्याचे जेवण होते. केवळ लहान सॉकेट असेल, तर विद्युत् प्रेशर कुकर घ्यावा आणि पोळी-भाकरीसाठी १००० वॅटची हॉटप्लेट आळीपाळीने वापरावी. ज्यास हे संथ वाटेल त्याने अधिक वॅटची शेगडी आणण्यापूर्वी घरमालकाकडे स्वतंत्र तारेसह पॉवर-पॉइंटची मागणी करावी. हा खर्च शेगडीच्या किमतीत धरला, तरच खरेदीचा हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल.