येथे पहाट, तेथे सांज : दिवस-रात्र आणि व्रतांच्या वेळा

परदेशी वास्तव्यास असलेल्या भाविकांकडून संकष्टी वा एकादशी जवळ आली की एकच पृच्छा होत असते : व्रत इंदूरच्या वेळेने करावयाचे की तेथील? उत्तर देण्यापूर्वी, येथे काकड आरती चालू असताना न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाची सांज का असते, हे पाहणे इष्ट ठरेल.

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि सूर्यप्रकाश एका वेळी तिच्या अर्ध्याच भागावर पडतो. 24 तासांत 360 अंश, म्हणजे तासाला 15 अंश व एका अंशास 4 मिनिटे, असे हे साधे गणित आहे. जे गाव अधिक पूर्वेला, तेथे सूर्य आधी दिसतो.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. इ.स. 499 च्या सुमारास आर्यभटाने पृथ्वीचे फिरणे नावेच्या दृष्टान्ताने समजावले : पुढे जाणाऱ्या नावेतील मनुष्यास तीरावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तशीच स्थिर नक्षत्रे पश्चिमेकडे जाताना भासतात. लंकेत सूर्योदय असता सिद्धपुरी सूर्यास्त, यवकोटीस मध्यान्ह आणि रोमकदेशी मध्यरात्र असते, असेही त्याने सांगितले आहे. ही लंका म्हणजे उज्जयिनीच्या रेखांशावर, विषुववृत्तावर कल्पिलेले स्थान होय. भारतीय ज्योतिषाची ही मूळ रेखा आपल्या इंदूरपासून अगदी जवळून जाते, याचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते.

घड्याळ मात्र सूर्याशी तंतोतंत जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे, तर इंदूर सुमारे 75.9 अंशांवर आहे. म्हणून येथील मध्यान्ह सरासरीने 12 वाजून 27 मिनिटांच्या आसपास होतो. रामनवमीस घड्याळाच्या ठोक्याला बारा वाजता पाळणा हलतो, तेव्हा खऱ्या मध्यान्हास जवळजवळ अर्धा तास अवकाश असतो! (रूढी मोडावी, असे आमचे म्हणणे नाही.)

आता मूळ प्रश्न. तिथी ही चंद्र व सूर्य यांच्यातील अंतरावरून ठरते. दर 12 अंशांस एक तिथी. ती साऱ्या जगात एकाच क्षणी लागते, परंतु सूर्योदय गावोगावी निराळा. समजा, एकादशी सोमवारी सकाळी 9 वाजता येथे लागली व मंगळवारी सकाळी 8 वाजता संपली. आपल्याकडे सोमवारचा सूर्योदय दशमीत झाला असल्याने, उदयकालीन तिथीच्या सामान्य नियमाप्रमाणे, एकादशी मंगळवारी येईल. न्यूयॉर्कमध्ये तीच तिथी हिवाळ्यात रविवारी रात्री साडेदहालाच लागलेली असेल. सोमवारच्या तेथील सूर्योदयास ती असेल आणि व्रत सोमवारी होईल. दोघेही शास्त्राप्रमाणेच वागले.

संकष्टीचे तर सारे चंद्रोदयावर अवलंबून. येथील चंद्रोदयाची वेळ दूरध्वनीवर विचारून तेथे उपवास सोडण्यात अर्थ नाही. लंडनला जूनमध्ये सूर्यास्तच रात्री नऊनंतर होतो, त्यामुळे चंद्रासाठी बरेच थांबावे लागते. भाविकांनी आपल्या वास्तव्याच्या गावासाठी गणित केलेले पंचांगच वापरावे.

थेट दर्शनाची वेळ मात्र इंदूरचीच राहील. पहाटे साडेपाचची आरती न्यूयॉर्कच्या भाविकांस हिवाळ्यात आदल्या सायंकाळी 7 वाजता दिसेल. मार्च ते नोव्हेंबर तेथील घड्याळे एक तास पुढे असल्याने रात्री 8 वाजता.