विंग्ज कुरकुरीत, कढई मात्र फडताळात!

रविवारची दुपार. मुलांनी आठवडाभर हट्ट धरलेला आणि पाहुणेही यायचे असतात. गृहिणी हौसेने ओव्हन तापवते, चिकन विंग्ज मसाल्यात घोळवून आत सरकवते आणि पाऊण तासाने दार उघडून पाहते तर काय? ट्रेमध्ये पाणी सुटलेले आणि त्यात पहुडलेली फिकट, रबरासारखी कातडी! मग नाइलाजाने कढई चढते, अर्धा लिटर तेल तापते आणि ज्यांना डॉक्टरांनी तळलेले बंद करायला सांगितले आहे, ते घरातले वडीलधारे वरणभातावर समाधान मानतात.

हा फजितीचा प्रसंग कुठेही घडतो, पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जरा जास्तच. तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारू, पापनाशम या भागात चहूकडे भातशेती, कालवे आणि नद्यांचे फाटे. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत तर डब्यातले मीठसुद्धा पाझरते. अशा हवेत कोंबडीची कातडी आपोआप सुकेल ही आशाच नको. आणि कुरकुरीतपणाचे सारे गुपित त्या सुकण्यातच आहे.

या मुलखात मराठी घरे आजही आहेत. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापले, ते १८५५ पर्यंत टिकले. त्यांच्याबरोबर आलेल्यांचे वंशज घरात मराठी बोलतात, पण अनेकांचे लिहिणे-वाचणे तमिळमध्ये चालते. देशस्थ घरांत शाकाहार, तर मराठा घरांत मटण-कोंबडीचे बेत. पाककलेची हौस या राजघराण्याला चांगलीच होती. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या काळातले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे हस्तलिखित सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहे. त्यात सामिष पदार्थांनाही मानाचे पान आहे. नवे ते आपलेसे करायचे, ही तिथल्या स्वयंपाकघराची जुनीच रीत. तेव्हा अमेरिकेतल्या विंग्ज तिथे पोहोचल्या तर नवल कसले?

विंग्जची गोष्टही मजेशीर आहे. पूर्वी पंख म्हणजे सूपात टाकायचा स्वस्त माल. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, अँकर बार नावाच्या उपाहारगृहात तेरेसा बेलिसिमो यांनी ते तळून तिखट सॉसमध्ये घोळवले आणि तिथून हा पदार्थ जगभर गेला, असे सांगतात. आपल्याकडे मात्र रश्शाच्या तुकड्यांत पंख अजूनही कुणाच्या तरी ताटात नको असताना येऊन पडतो.

पहिली अडचण दुकानातच येते. आपल्याकडे चिकनवाला सवयीने कातडी सोलून टाकतो. कातडी गेली की कुरकुरीत व्हायला उरतेच काय? म्हणून आधीच बजावून सांगावे, ‘पंख कातडीसकट हवेत, फक्त पिसे नीट काढा.’ कोंबडीही ब्रॉयलरच घ्यावी. तमिळनाडूत पल्लडमकडे ब्रॉयलरचा मोठा व्यवसाय आहे, त्यामुळे माल सहज मिळतो. खेड्यातली गावठी कोंबडी, तिकडे जिला नाट्टुकोळी म्हणतात, चवीला सरस खरी, पण तिचा पंख चिवट. तिने रश्शातच शिजावे.

एक किलो विंग्ज घ्या. प्रत्येकीचे सांध्यावर तीन भाग करा. टोकाचा बारीक भाग बाजूला ठेवा. उरलेले तुकडे स्वच्छ कापडाने किंवा कागदी रुमालाने अगदी कोरडे होईपर्यंत टिपा. मग एक चहाचा चमचा मीठ, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा हळद आणि एक चमचा भरड मिरपूड चोळा. भाताच्या मुलखात तांदळाच्या पिठाला काय तोटा? तेही एक चमचाभर भुरभुरावे. ते उरलासुरला ओलावा शोषते आणि वरचा थर खुटखुटीत करते.

बेकिंग पावडरचे नाव ऐकून दचकू नका, केक होणार नाही! तिच्यामुळे कातडी किंचित अल्कधर्मी होते, त्यामुळे ती लवकर तांबूस होते. शिवाय बारीक बुडबुडे येऊन पृष्ठभाग खरखरीत होतो. मात्र तिच्याऐवजी तेवढाच खाण्याचा सोडा घातलात तर साबणासारखी चव येईल.

आता तुकडे जाळीवर सुटे मांडून, खाली ताट ठेवून, रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवावेत. फ्रिजची कोरडी हवा बाहेरच्या दमट हवेचे काम हाणून पाडते. कप्पा सर्वांत खालचा हवा, म्हणजे कच्च्या चिकनचे पाणी इतर अन्नावर ठिबकणार नाही. पण वीज भरवशाची नसेल तर हा बेत रद्द करावा. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने याच भागातल्या कितीतरी गावांचे विजेचे खांब आडवे केले आणि लोकांना अनेक दिवस अंधारात काढावे लागले. बंद फ्रिजमधले चिकन म्हणजे पोटाच्या दुखण्याला आमंत्रण. अशा वेळी त्याच दिवशी आणून, टिपून, लगेच भाजावे. थोडा कुरकुरीतपणा कमी पडला तरी चालेल. पंख्याखाली तासन्‌तास वाळत ठेवण्याचा उद्योग मात्र अजिबात करू नये.

ओव्हन २२० अंशांवर पंधरा मिनिटे आधी तापवा. तुकडे जाळीवरच, एकमेकांना न चिकटता ठेवा. गर्दी केलीत तर ते भाजण्याऐवजी वाफवले जातात. घरगुती लहान ओव्हनमध्ये वाफ कोंडते, म्हणून वीस मिनिटांनी दार क्षणभर उघडून तिला वाट द्यावी आणि त्याच वेळी तुकडे उलटावेत. पुढे आणखी वीस ते पंचवीस मिनिटे. रंग गडद सोनेरी झाला, हाडाजवळचा रस लालसर दिसेनासा झाला की तयार. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हे जमत नाही, कन्व्हेक्शनचा असेल तरच प्रयत्न करावा.

वरून तेलाचा थेंबही लागत नाही. कातडीतलीच चरबी वितळून ती तळल्यासारखी होते आणि जादा चरबी खालच्या ताटात गळते. अर्थात हा काही पथ्याचा पदार्थ नव्हे. कातडी ती कातडीच, मिठाचेही भान हवे. वडिलांना दोन तुकडे दिले तर तक्रार नको, पण आठाचा हट्ट पुरवू नये.

सॉस मात्र तंजावरी थाटाचा करावा. तिथल्या राजवाड्यात आमसुले नव्हती म्हणून आमटीत चिंच पडली आणि सांबार जन्मले, अशी कथा आहे. पुरावा कुणी मागू नये, गोष्ट छान आहे! त्या चिंचेचा दाट कोळ, गूळ, लाल तिखट आणि ठेचलेला लसूण चकचकीत होईपर्यंत आटवा. वर कढीपत्ता चुरडून टाका. गरम विंग्ज यात घोळवायच्या त्या पाने मांडल्यावरच. दहा मिनिटे आधी घोळवल्यात तर सगळी मेहनत मऊ पडेल. सावध गृहिणी सॉस वाटीत वेगळा देते.

आणि ती बाजूला ठेवलेली टोके? कुकरमध्ये मिरे-जिरे घालून त्यांचे पाणी काढा आणि त्याचे झणझणीत रसम करा. पावसाळी रात्री गरम भातावर ते घेतले की विंग्जची आठवण कुणालाच होत नाही.