आज गाठ डावखुऱ्याशी

नागोयाच्या आयजी अरीनात आज रात्री जपानी बॉक्सर नाओया इनोउए रिंगमध्ये उतरेल. जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे तेव्हा जेमतेम संध्याकाळ असेल. ३० लढती, ३० विजय, त्यातले २७ नॉकआउट, सुपर-बँटमवेट गटात चारही पट्टे कमरेला, हे आकडे आठवडाभर सगळीकडे फिरताहेत. ते पुन्हा उगाळत नाही. मला जास्त लक्षात राहिलेत ते दुसरेच दोन प्रसंग. गेल्या दीड वर्षात हा ‘मॉन्स्टर’ दोनदा जमिनीवर आलाय.

पहिल्यांदा ६ मे २०२४ ला, टोकियो डोममध्ये. मेक्सिकोच्या लुइस नेरीने पहिल्याच राउंडमध्ये पाडलं, आणि कारकिर्दीत इनोउए पहिल्यांदाच खाली बसलेला जगाने पाहिला. दुसऱ्यांदा यंदा ४ मे ला लास वेगासमध्ये, रॅमोन कार्देनासकडून, दुसऱ्या राउंडमध्ये. दोन्ही वेळा ठोसा एकच, डावा हुक. दोन्ही वेळा उठून त्याने समोरच्याचा फडशा पाडला, नेरीचा सहाव्या आणि कार्देनासचा आठव्या राउंडमध्ये. कार्देनासवरचा विजय म्हणजे विश्वविजेतेपदाच्या लढतींतला त्याचा २३वा नॉकआउट. जो लुइसचा २२चा विक्रम त्याने मागे टाकला, आणि त्या बातमीच्या गजरात तो खाली पडला होता हे लोक विसरून गेले. आजचा प्रतिस्पर्धी मुरोदजोन अखमदालिएव्ह मात्र विसरलेला नसणार.

कारण चूक जुनीच आहे. इनोउएला समोरचा माणूस हलला की वास लागतो. तो आत घुसतो, एकावर एक ठोसे सोडतो, आणि त्या भरात उजवा हात हनुवटीपाशी परत यायला क्षणभर उशीर करतो. ज्याचा डावा हात जड आहे त्याला तेवढा क्षण पुरतो. अखमदालिएव्ह डावखुरा आहे. डावखुरा फलंदाज क्रीजवर आला की गोलंदाजाची दिशा-टप्प्याची सगळी गणितं उलटी होतात, तसं इथेही होतं. एकाचा डावा पाय पुढे, दुसऱ्याचा उजवा. दोघांचे पाय एकमेकांना अडखळतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडला त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. आजची लढत टीव्हीवर पाहणार असाल तर पहिले तीन राउंड ठोसे बघू नका, पाय बघा. अखमदालिएव्हचा उजवा पाय इनोउएच्या डाव्या पायाच्या बाहेर पडायला लागला, तर जपानी प्रेक्षकांची रात्र वाईट जाईल.

हा उझबेक गडी साधा नाही. २०१५ च्या दोहा विश्वस्पर्धेत रौप्य, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्य. तिथे उपांत्य फेरीत तो क्युबाच्या रोबेसी रामिरेझकडून हरला. रिओत उझबेकिस्तानने बॉक्सिंगची सात पदकं नेली, गेल्या वर्षी पॅरिसमध्ये तर पाच सुवर्णं. त्या घाण्यातून निघालेल्या माणसाला रिंगचं गणित शिकवावं लागत नाही. व्यावसायिक झाल्यावर आठव्याच लढतीत, जानेवारी २०२० मध्ये, त्याने डॅनियल रोमनकडून दोन पट्टे काढून घेतले. मग एप्रिल २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या मार्लोन टापालेसने ते त्याच्याकडून नेले, तेही तीन पंचांपैकी दोघांच्या मताने. तिसऱ्या पंचाने अखमदालिएव्हला ११८-११० असं जिंकवलं होतं! एकाच लढतीचे एवढे वेगळे हिशेब पाहिले की पंचांपुढे कागद ठेवायचे की चष्मे, असा प्रश्न पडतो. त्याच टापालेसला आठ महिन्यांनी इनोउएने दहाव्या राउंडमध्ये झोपवलं. म्हणून ‘टापालेसने याला हरवलं, त्याने टापालेसला हरवलं’ अशी त्रैराशिकं सध्या जोरात आहेत. बॉक्सिंगमध्ये त्रैराशिक चालत नाही. टापालेसही डावखुरा होता एवढंच त्यातून घ्यावं, आणि इनोउएला त्याला संपवायला दहा राउंड लागले होते हेही.

पट्ट्यांचं म्हणाल तर तो एक निराळाच बाजार. अखमदालिएव्ह डब्ल्यूबीए या संस्थेचा ‘इंटरिम’ विजेता म्हणून येतोय, इनोउए त्याच डब्ल्यूबीएचा ‘सुपर’ विजेता. आजच्याच कार्यक्रमात सर्वात हलक्या, मिनिममवेट गटात युनी ताकादा आणि र्‍युसेई मात्सुमोतो यांची लढत आहे. ती डब्ल्यूबीएच्या ‘रेग्युलर’ पट्ट्यासाठी. म्हणजे एका संस्थेचे एकाच गटात तीन-तीन विजेते असू शकतात, आणि प्रत्येक पट्ट्याच्या लढतीमागे संस्थेची टक्केवारी असते. जपानच्या बॉक्सिंग कमिशनने २०१३ पर्यंत आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या संस्था मान्यच केल्या नव्हत्या. तो सोवळेपणा सुटला नसता तर इनोउए दोन गटांत चारही पट्टे जमवणारा झालाच नसता. यात खेळाचं भलं झालं की दुकानांचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

या कार्यक्रमातली माझ्या मते दुसरी पाहण्यासारखी लढत योशिकी ताकेईची. किकबॉक्सिंगमधून आलेला हा मुलगा मेक्सिकोच्या क्रिस्तियान मेदिनाविरुद्ध डब्ल्यूबीओचा बँटमवेट पट्टा राखायला उतरतोय. मेदिना २०२३ मध्ये जपानमध्येच गुणांवर हरून गेला होता, त्यामुळे त्याला कुणी गंभीरपणे घेत नाही. घ्यायला हवं.

आता थोडं कडू. सगळ्या झगमगाटात २ ऑगस्टची रात्र विसरून चालणार नाही. त्या रात्री टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच कार्यक्रमात शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा हे दोघे वेगवेगळ्या लढतींत जखमी झाले. मेंदूत रक्तस्राव, शस्त्रक्रिया, आणि आठवड्याभरात दोघांचाही मृत्यू. दोघेही २८ वर्षांचे. मे महिन्यात ओसाकातल्या विजेतेपदाच्या लढतीनंतर गिंजिरो शिगेओकाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, इनोउएने टापालेसला हरवलं त्याच रात्रीच्या कार्यक्रमात लढलेला काझुकी आनागुची पुढच्या फेब्रुवारीत गेला. वय २३.

ऑगस्टनंतर जपानी कमिशनने ओरिएंटल-पॅसिफिक विजेतेपदाच्या लढती १२ ऐवजी १० राउंडच्या केल्या. कोतारी पूर्ण १२ राउंड लढला होता, म्हणून हा उपाय. पण उराकावा आठव्या राउंडमध्ये पडला. दहाच्या मर्यादेने त्याला कुठे वाचवलं असतं? राउंड मोजणं सोपं असतं, म्हणून कात्री तिथे लागते. जागतिक लढतींचे १२ राउंडही असेच आले. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला दक्षिण कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध १४व्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांत वारला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने १५ चे १२ राउंड केले, बाकीच्या संस्था सावकाश मागे आल्या. आज इनोउए आणि अखमदालिएव्ह १५ नव्हे तर १२ राउंडसाठी उतरतात, ते त्या कोरियन पोरामुळे. समालोचनात त्याचं नाव येईल अशी आशा नाही.

खरी अडचण तराजूवर आहे. सुपर-बँटमवेटची मर्यादा ५५.३४ किलो. वजन होतं आदल्या दिवशी. त्यामुळे बॉक्सर आठवडाभर पाणी तोडतात, घाम काढतात, तराजूवरून उतरले की चोवीस तासांत खाऊन-पिऊन पुन्हा फुगतात, आणि तशा शरीराने डोक्यावर ठोसे झेलतात. शरीरातलं पाणी नीट भरून आलेलं नसताना मेंदू जास्त नाजूक होतो, अशी शंका डॉक्टर बरीच वर्षं बोलून दाखवताहेत. कुस्तीच्या आखाड्यातही वजन तोडण्याचं वेड आपल्याला नवं नाही, विनेश फोगाटचे पॅरिसमधले १०० ग्रॅम अजून कोण विसरलंय? फरक इतकाच की कुस्तीत डोक्यावर ठोसे बसत नाहीत. लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा सक्तीचं वजन, आणि फार वाढलं असेल तर लढत रद्द, एवढा नियम सर्व संस्थांनी मिळून केला तर राउंड कापण्यापेक्षा जास्त जीव वाचतील. पण रद्द झालेल्या लढतीची टक्केवारी मिळत नाही.

भारताचं यात काय? फारसं नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वरळीला विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवून डब्ल्यूबीओचा ओरिएंटल पट्टा जिंकला, आणि डोकलामचा तणाव होता म्हणून तो पट्टा परत करायची तयारीही दाखवली. ती रात्र रंगली, पण तो पट्टा प्रादेशिक होता. चार मोठ्या संस्थांचं विश्वविजेतेपद अजून कुणा भारतीय पुरुषाकडे आलेलं नाही. निशांत देव यंदा जानेवारीत लास वेगासला व्यावसायिक झाला. त्याच्याकडे लक्ष ठेवावं. आणि जुलैत सुमो स्पर्धेने उघडलेलं, आजच्या लढतीचं नागोयातलं हे नवं सभागृह लक्षात ठेवा, कारण पुढच्या सप्टेंबरात आशियाई क्रीडा स्पर्धा याच शहरात आहेत.

इनोउए जिंकला तर पुढची मोठी तारीख ठरल्यातच जमा आहे. मार्चच्या अखेरीस टोकियोतल्या पुरस्कार सोहळ्यात त्याने जुंतो नाकातानीला सगळ्यांसमोर हाक दिली: वर्षभराने टोकियो डोममध्ये लढू. नाकातानीने हात पुढे केला. नाकातानीही अजिंक्य, उंच, आणि डावखुरा. त्यामुळे आजची लढत त्याची रंगीत तालीम आहे असं काही जण म्हणतात. अखमदालिएव्हला हे कळलं तर तो चिडेल, आणि चिडावंच. गेलं वर्षभर ‘इनोउए मला टाळतोय’ म्हणून ओरडणाऱ्या माणसाला तालमीतला भिडू म्हणणं बरं नाही.

माझा अंदाज सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सैतामाला नोनितो दोनेरविरुद्ध डोळ्याभोवतीचं हाड मोडून घेत जिंकला, त्यानंतर इनोउएने सलग ११ लढती नॉकआउटने संपवल्यात. या वेळी मात्र निकाल गुणांवर लागला तरी चालेल, असं तो स्वतःच बोलून गेलाय. मला ती भाषा आवडली. दोनदा पडलेला माणूस शहाणा झाल्याची ती खूण आहे. तो खरंच शब्द पाळून लांबून लढला, तर इनोउए, गुणांवर, तिन्ही पंचांच्या मताने. चौथ्या-पाचव्या राउंडमध्ये रक्त चढून आत घुसला, तर मी पैसे अखमदालिएव्हवर लावेन.